इराच्या हातातलं बटण

पुंगोल, सिंगापूर, मंगळवार संध्याकाळ

उद्या इराच्या वर्गात प्रेझेंटेशन आहे. विषय, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात गेलेल्या कृष्णवर्णीय बायका. गोऱ्यांपासून वेगळ्या बराकींत राहून त्यांनी सैनिकांची तुंबलेली पत्रं पोचती केली. हे सगळं शोधलं इरानं. आणि बोलणार कोण, तर गटातले तिघे मुलगे. ही नुसतं स्लाइड बदलायचं बटण दाबणार.

मी चिडलेच. "तू का नाही बोलत?"

"ओके लाह, आई. तू पण बॉससाठी स्लाइड्स करतेस ना?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. तिला खरंच वाटतं, हे असंच असतं.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये माझं काम बॉसनं वाचून दाखवलं, तेव्हा बटण माझ्या हातात होतं. घरी येऊन इराला ते मीच सांगितलं. हसत हसत.