भाताच्या रोपातली मेंढी

तीर्थरूप मावशी,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा तूर्त उभ्यानेच गोड मानून घे.) तुझा दमा कसा आहे? पथ्यं पाळतेस ना? आई म्हणाली, तू काळीज घट्ट करून मांजर शेजारणीला देऊन टाकलीस. ऐकून मला भरून आलं. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, सगळे म्हणजे मी आणि भाताची एकशेवीस रोपं. तू विणून पाठवलेला स्वेटर मिळाला. पोच द्यायला पाच महिने लागले, त्याचं कारण तो स्वेटरच आहे. आज जीव भांड्यात पडला, म्हणून लिहायला बसले.

मी नेमकं काय करते हे तू दर वेळी विचारतेस आणि मी 'भातावर काम' म्हणून सुटका करून घेते. (मग तू चारचौघांत सांगतेस, भाची शेतकी खात्यात आहे.) तर ऐक. निम्म्या रोपांना मी पोटभर पाणी देते, निम्म्यांना पंधरा दिवस तहानलेलं ठेवते. मग दोघांची पानं वेगवेगळी कुटून प्रथिनं काढायची आणि जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ चौकोनावर पसरायची. प्रत्येक प्रथिनाचा एक निळा ठिपका उमटतो, असे शेकडो. तहानलेल्यांत एखादा ठिपका जास्तीचा दिसला, तर समजायचं की रोप तहान सोसायला हे प्रथिन बनवतं. तो ठिपका सापडला की माझा प्रबंध झाला. चार वर्षं मी त्याच्या मागे आहे, आणि आईने यंदाच मी डॉक्टर होणार म्हणून सगळ्या नात्यात सांगून ठेवलंय.

पाणी प्यायलेल्या रोपांची कुटाई मी आधीच उरकली होती. दुसरी सुकण्याची वाट बघत बसले होते, तेवढ्यात तुझं पार्सल आलं. पानं कुटायची ती आमची कोल्ड रूम चार अंशांवर असते. प्रथिनं नासू नयेत म्हणून माणूस गारठवायचा, असा तिथला न्याय. मी स्वेटर चढवला आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिथे माणसासारखी उभी राहिले. वरून पांढरा कोट काही बसेना (माप बाबांचं घेतलं होतंस का?), म्हणून कोट खुंटीवर राहिला. आणि काय सांगू, ठिपका आला. ठसठशीत, टपोरा, फक्त तहानलेल्या रोपांत. मी खात्रीसाठी त्याच रोपांच्या पानांवर तीनदा केलं, तीनदा आला. आमचे सर एरवी 'हं' पलीकडे काही बोलत नाहीत, ते त्या दिवशी 'वा' म्हणाले.

ठिपका कापून यंत्रवाल्या काकांकडे दिला. त्यांचं यंत्र प्रथिनाचे तुकडे तोलून ते कुणाचं आहे ते सांगतं. भाताच्या यादीत काही जुळेना. सर म्हणाले, जगात कुणी न पाहिलेलं प्रथिन दिसतंय, आणि त्याच भरात त्यांनी माझ्या प्रबंधाच्या समितीची बैठकही ठरवली. काका मात्र चिवट. त्यांनी भात सोडून सगळ्या जीवसृष्टीची यादी लावली आणि बैठकीच्या सकाळी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या भातात मेंढी आहे."

मावशी, चार वर्षांच्या तपश्चर्येचं फळ म्हणजे तुझी लोकर. समितीपुढे मी खरं ते सांगून टाकलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, ज्यांना सगळे टरकतात, त्यांनी शांतपणे विचारलं, स्वेटर हाताने विणलेला आहे का? मग म्हणाल्या, पुन्हा करा, कोट घालून.

पुन्हा केलं. बी पेरण्यापासून. दोन सदऱ्यांवर कोट, दात वाजताहेत, पाठ त्यातच धरली. मेंढी गायब झाली, आणि तिच्याखाली इतके दिवस झाकलेला एक बारीक, फिकट ठिपका दिसला. फक्त तहानलेल्या रोपांत. आज काकांचा निरोप आला की तो भाताचाच आहे. मी जिन्यात बसून पोटभर रडले आणि मग डबा खाल्ला.

तुझी लाडकी (आशा आहे),
भाची

ता. क. : परीक्षक बाईंना पुरावा हवाय. त्याच गुंड्यातली वीतभर लोकर पिशवीत घालून पाठव. स्वेटर मी घरात घालते, आत्ताही अंगात आहे.

आणखी ता. क. : नवा ठिपका अजून दोनदा दिसायला हवा, म्हणजे दोनदा पेरणी. डॉक्टर व्हायला सहा महिने उशीर आहे. हे आईला मी सांगू शकत नाही. तू तिची थोरली बहीण, तूच सांग, तुझं ती ऐकते.

शेवटचा ता. क. : नाही म्हणण्याआधी एवढं वाच. काकांच्या अहवालात मेंढीच्या खाली आणखी एक नाव होतं. मांजर. स्वेटर तू विणायला घेतलास तो मांजर शेजारी गेल्यानंतर दोन महिन्यांनी, हे आईनेच मला सांगितलंय. तो कागद माझ्या कपाटात आहे आणि आईला अजून दाखवलेला नाही. औषध वेळेवर घे, आणि मांजरीला निदान उशीवर तरी झोपू देऊ नकोस.