कोटाला एकच भोक

चौकशी अधिकारी साहेब,

तुमचा अहवाल मी तीनदा वाचला. माझा धाकटा भाऊ बसथांब्यावर सुरी घेऊन आरडाओरडा करत होता, हे खरं. डोकं फिरलं की तो तसंच करायचा. पुढे तुम्ही लिहिता, पोलीस शिपायाने आधी विजेचा झटका देणारी बंदूक चालवली, पण तिच्या तारांच्या टोकांचे दोन्ही अणकुचीदार आकडे त्याच्या जाड कोटात रुतून बसले, म्हणून नाइलाजाने गोळी झाडली.

साहेब, तो कोट मीच शिवलाय. कापडात टाचणी शिरली तरी माझ्या बोटांना कळतं. तो गेल्यावर इस्पितळाने परत दिलेला कोट मी अस्तर उसवून, उजेडात धरून इंच इंच पाहिला. गोळीचं एक भोक आहे. आकड्यांचं एकही नाही.

काल तुमचा माणूस दुकानात येऊन गोड आवाजात म्हणाला, "ताई, तो कोट आहे ना जपून?" माझ्या मनात पाल चुकचुकली. मी म्हटलं, जाळला.

वकील मिळेपर्यंत हे पत्र टाकणार नाही. कोट गिऱ्हाइकांच्या कोटांमध्ये टांगलाय. तुमचा माणूस त्यालाच टेकून उभा होता.

त्याची थोरली बहीण,
शिंपीण