तिसऱ्या रांगेतली आई

२ मार्च
क्रीडा संपादक महिनाअखेर निवृत्त. खुर्ची रिकामी होणार. उमेदवार दोन: मी आणि टेप. टेप म्हणजे आमच्या डेस्कवर चार वर्षांपूर्वी आलेली मुलगी. कुणी शिंकलं तरी रेकॉर्डर पुढे धरते, म्हणून हे नाव मीच ठेवलं. सगळे हसले. तीही हसली असावी.
संकल्प: यापुढे क्लबांकडून काही घ्यायचं नाही. चहासुद्धा नाही.

३ मार्च
क्लबच्या पत्रकार कक्षात चहा घेतला. सँडविच बरोबर येतंच. मी मागितलं नव्हतं.

५ मार्च
पत्रकार संघाचं पत्र. पंचवीसला कार्यक्रम. निवृत्त होणाऱ्या गोलकीपरचा सत्कार आणि ‘क्रीडा पत्रकाराची नीतिमत्ता’ यावर माझं भाषण. आमचे मुख्य संपादक पहिल्या रांगेत असणार. म्हणजे खुर्चीचं ठरल्यातच जमा.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, कुणाची नीतिमत्ता? विषय समजावून सांगितला. म्हणाली, विषय समजला हो, वक्ता नाही समजला.

९ मार्च, दुपारी ४
मध्यांतर. बातमी लिहून तयार, भिंतीच्या प्रतिक्रियेसकट. भिंत म्हणजे तोच गोलकीपर. हेही नाव माझंच. संघ जिंकला की तो म्हणतो, ‘श्रेय सगळ्यांचं.’ हरला की, ‘पुढच्या वेळी.’ विचारायला कशाला जायचं?
रात्री: टेप सामन्यानंतर पाऊण तास ड्रेसिंग रूमबाहेर उभी होती. काय म्हणाला, विचारलं. म्हणाली, ‘श्रेय सगळ्यांचं.’ अनुभव म्हणतात तो हा. पाऊण तास वाचतो.

१४ मार्च
मुख्य संपादकांना भिंतीची पानभर मुलाखत हवी. म्हणाले, तुमचे त्याचे घरचे संबंध, तुम्हीच घ्या.
बायको म्हणाली, कुठल्या घरचे? म्हटलं, मी व्यावसायिक अंतर पाळतो.
संकल्प: या वेळी प्रत्यक्ष भेटायचं. त्याचा सराव सकाळी सहाला.

१५ मार्च
सहा म्हणजे फारच लवकर.

१७ मार्च
मुलाखत लिहून झाली. उत्तरं छान आली. प्रश्न नंतर घातले.
शेवटी नेहमीचा परिच्छेद: तिसऱ्या रांगेत मांडीवर डबा घेऊन बसलेली त्याची आई. वीस वर्षांपूर्वी पाहिली होती. त्याने गोल वाचवला की रुमाल डोळ्याला. आई नाही तर कोण? तेव्हापासून दर मोसमात एकदा तिला आणतो. वाचक वाट पाहतात. गेल्या वर्षी तिचे केस पांढरे केले.

१८ मार्च
टेपने विचारलं, मुलाखतीचं रेकॉर्डिंग आहे का सर? म्हटलं, आमच्या पिढीत विश्वास असायचा. ती म्हणाली, मग आईबद्दल तरी त्याला एकदा विचारून घ्या. छापायच्या आधी. प्लीज.
पोटात दुखतंय तिच्या. खुर्ची हातची जाताना दिसतेय.

२० मार्च
छापून आली. मुख्य संपादकांनी पाठ थोपटली. भिंतीचा काही आक्षेप नाही. वीस वर्षांत एकदाही नाही. याला विश्वासार्हता म्हणतात. भाषणात घालायचं.

२५ मार्च
भाषण उत्तम. ‘न विचारता लिहिणं म्हणजे चोरी’ या वाक्याला टाळ्या.
त्याआधी व्यासपीठावर भिंतीच्या खांद्यावर हात टाकला, म्हटलं, काय भिंत! त्याने अदबीने विचारलं, आपण कुठल्या पेपरचे? थट्टेखोर आहे. माइक चालू होता, एवढंच.
माझ्या भाषणानंतर तो बोलला. चार वर्षांचा असताना आईने अनाथाश्रमात सोडलं. पुन्हा आली नाही. पहिल्या मोसमात पेपरात वाचलं की ती तिसऱ्या रांगेत बसते. त्याला वाटलं, आली असेल. पेपरवाल्यांना सांगितलं असेल, आपल्याला सांगायला लाजत असेल. डबेवाल्या बाईला जाऊन विचारलं. ती मैदानावरच्या माळ्याची बायको निघाली. तिला सर्दी होती. पण पेपर दर वर्षी लिहायचा. म्हणजे दुसरी कुणीतरी असणार. म्हणून वीस वर्षं सामना सुरू व्हायच्या आधी तो तिसरी रांग बघून घ्यायचा. म्हणाला, गेल्या वर्षी वाचलं, केस पांढरे झालेत. मग पांढऱ्या केसांची शोधायला लागलो.
हे त्याने हसत सांगितलं. सभागृहात कुणी हसलं नाही. मी थोडा हसलो.
मांडणी विस्कळीत होती. मी लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं.

२६ मार्च
पहिल्या पानावर टेपची बातमी. शब्दन् शब्द त्याचा, रेकॉर्डरवरून. खुर्ची तिला. मुख्य संपादक माझ्याकडे न बघता म्हणाले, साठ शब्दांत खुलासा लिहा, माफी मागा.
बायकोने पेपर वाचला. घडी घालून कपाटात ठेवला. पहिल्यांदाच.

२७ मार्च
खुलासा लिहिला. शेवटी भिंतीची प्रतिक्रिया घातली: ‘माझ्या मनात काही नाही. ते मला मोठ्या भावासारखे.’
टेप म्हणाली, हे तो कधी म्हणाला? म्हटलं, म्हणेल की. ती म्हणाली, मग आत्ताच विचारा, माझ्यासमोर.
मोबाइल काढला. ‘भ’ पाहिलं. ‘ग’ पाहिलं. नंबर घ्यायचा राहूनच गेला होता. टेपने स्वतःच्या फोनवरून लावला आणि माझ्या हातात दिला.
मी नाव सांगितलं. पेपर सांगितला. तो म्हणाला, एकच विचारतो, राग मानू नका. तिचे केस पांढरे झाल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?
टेबलावर रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता.
म्हटलं, कुणी नाही.
त्याने फोन ठेवला.
ही प्रतिक्रिया खुलाशात घेता येणार नाही. दोनच शब्द आहेत, आणि तेही माझे.