नऊ तासांचं बिस्किट

३ जुलै, गुरुवार

आक्का,

नमस्कार. गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. आमच्या कुत्र्याला, म्हणजे म्हाताऱ्याला, आता तेरावं वर्ष सरलं. हाक मारली तर ऐकू येत नाही, पण पाकीट फाडल्याचा आवाज तीन खोल्या ओलांडून बरोबर पोचतो.

पत्र बघून नवल वाटेल तुम्हाला. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. फोनवर मी फार गोड बोलते, तुम्हाला ते माहीत आहे.

परवा एका मुलाखतीत मला विचारलं, बिस्किटाची कल्पना कशी सुचली? मी नेहमीचंच सांगितलं: म्हातारा, त्याचे दुखरे दात, माझं स्वयंपाकघर. घरी येऊन चपला काढता काढता मात्र खरं आठवलं. सहा वर्षांपूर्वी मी तुमच्या कारखान्यात आले तेव्हा माझ्याकडे एक नाव होतं, म्हाताऱ्याबरोबर काढलेला फोटो होता आणि पाकिटाचं चित्र होतं. बिस्किट नव्हतंच. मालक म्हणाले, "बिस्किट आमचं, लेबल तुमचं. पाच जणांना देतो, तुम्ही सहाव्या."

मग तुम्ही ट्रे घेऊन आलात. मी एक बिस्किट उचलून नुसतं हुंगलं.

"हुंगून काय कळणार? कुत्र्याला देणार ना? मग आधी स्वतः खा," असं म्हणून तुम्ही एक तोंडात टाकलंत.

लेबलच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "आक्का, एक दिवस शेपूट फुटेल तुम्हाला!"

"फुटू दे. माश्या हाकलायला होईल."

मीही खाल्लं. अळणी, पण खमंग. मग तुम्ही विचारलंत, "तुमच्याकडच्याचे दात कसे आहेत?" तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात निम्म्या जाडीचं, भोपळ्याचं बिस्किट तयार होतं. ते बाकी पाच जणांना जात नव्हतं. लोक ज्याला माझं बिस्किट म्हणतात, ते हे.

तुम्ही प्रत्येक ट्रेमधलं एक बिस्किट कानाशी नेऊन मोडायचात. टक् वाजलं तर पुढे, नाहीतर परत भट्टीत. मशीनवर ओलाव्याचा आकडा दिसायचा, तोही बघायचात, पण आधी कान. मी तुमच्या शेजारी उभी राहून कितीतरी बिस्किटं मोडली, मला सगळी सारखीच वाजली. घरी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, असं लक्ष देऊन आपण एकमेकांचं बोलणंही ऐकत नाही. त्यानं विचारलं, "काय म्हणालीस?"

मग त्या प्रदर्शनाच्या वेळी जरा गडबड झाली.

नाही. "गडबड झाली" असं लिहून चालणार नाही. मी केली. पाकिटं छापतानाच मी त्यांवर तयार झाल्याची तारीख छापून घेतली, शिक्के मारायचा त्रास वाचावा म्हणून. भट्टी दोन दिवस बंद पडली आणि तारीख येऊन ठेपली. वाळवायला नऊ तास लागतात, मी म्हटलं सहात काढा. तुम्ही म्हणालात, "तारीख तुम्ही छापली. बिस्किटाला कुणी विचारलं?" मी रागावले आणि मालकांना फोन केला. मालकांनी तुम्हाला सहा तासांतच माल काढायला लावलं.

अकरा दिवसांनी पाकिटांत पांढरी बुरशी दिसली. कुठलं कुत्रं आजारी पडलं नाही, हे नशीब. मालकांनी मला विचारलं, "माल मऊ आहे हे आक्कांनी कळवलं नव्हतं का तुम्हाला?"

मी नाही म्हणाले.

आक्का, तुमची चिठ्ठी पहिल्याच खोक्यात होती. "मऊ आहे. विकू नका." मी ती वाचली, घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मालकांच्या समोर बसले होते तेव्हा ती पर्स माझ्या मांडीवर होती. तुम्हाला भट्टीवरून काढून लेबलच्या टेबलावर बसवलं, त्याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी पर्स बदलली, चिठ्ठी मात्र नव्या पर्समध्ये ठेवली. फेकवली नाही.

मागच्या मंगळवारी मी आले तेव्हा तुम्ही माझीच पाकिटं करत होतात. माझ्या फोटोवर लेबलाची सुरकुती पडली होती, ती तुम्ही अंगठ्यानं हळूच सपाट केलीत. टेबलावरच्या मुलींनी मला सांगितलं, "आक्का अजूनही प्रत्येक खोक्यातलं एक मोडून बघतात, कालच तुमचं एक खोकं परत पाठवलं." मी तुमच्याजवळ आले. आता तुम्ही चिठ्ठीचं विचाराल असं वाटलं. तुम्ही विचारलंत ते हे: "म्हाताऱ्याचे दात कसे आहेत आता?"

मी घाईचं निमित्त करून निघाले. उत्तर आता देते. पुढचे दोन पडले. तुमचं बिस्किट तो अजून खातो.

काल मी मालकांच्या टेबलावर ती चिठ्ठी ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "दोन वर्षं?" "हो." मग म्हणाले, "भट्टी सोमवारपासून त्यांची. पण त्या येतीलच असं धरून चालू नका. आणि हे मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा." म्हणून हे पत्र. मुलींनाही मी स्वतः येऊन सांगणार आहे, कारण त्या वेळी दोष तुम्हाला लागला तो त्यांच्यासमोरच.

चिठ्ठी सोबत पाठवते आहे. ती तुमची आहे.

नवी पाकिटं सोमवारी येतील. "माझ्या स्वयंपाकघरातून" ही ओळ काढली आहे. तिथे "आक्कांच्या भट्टीतून" लिहावं असं फार मनात आहे, पण तुम्हाला न विचारता तुमच्याबद्दल काही लिहिण्याचा अधिकार मी घालवला आहे. तेवढी जागा कोरी आहे. तारखेचीही. बिस्किट वाजेल तेव्हा शिक्का तुम्ही मारा. वाजलं नाही तर पाकिटं पडून राहू देत, मी फोन करणार नाही.

आणि सोमवारी तुम्ही आला नाहीत, तरी मी समजेन. म्हाताऱ्याला मात्र काय सांगायचं, ते मला कळत नाही.

तुमच्या हातच्या बिस्किटावर नावारूपाला आलेली,
पाकिटावरची बाई