बोर्डावरचे फोड

४ ऑक्टोबर, शनिवार
सर्फबोर्ड जवळजवळ तयार. म्हणजे फोम तासून झालाय. आता फक्त फायबरग्लासचं कापड अंथरायचं आणि वर रेझिन ओतायचं. हॉलमध्ये दोन स्टुलांवर ठेवलाय. दिवाळीला लेक इरावती बेंगळुरूहून येईल तोवर आरशासारखा चमकेल. क्षमा म्हणाली, चारकोपात सर्फिंग कुठे करणार, नाल्यात? बायकोला व्हिजन नाही.

५ ऑक्टोबर
बोर्डावर फोड आलेत. कापडाखाली हवा अडकली. चूक ऑक्टोबर हीटची. व्हिडिओत म्हणतात, फोड ब्लेडने चिरा, सिरिंजने रेझिन भरा. मेडिकलवाल्याने सिरिंज देताना मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

८ ऑक्टोबर
रेझिन सुकतच नाही. ते घट्ट करणारा हार्डनर कमी पडला असणार. मी अंदाजाने घातला होता. मोजूनमापून घालणं नवशिक्यांसाठी. क्षमाची ओढणी बोर्डाला चिकटली, कात्रीने सोडवावी लागली. एका अर्थी बरंच. पाय घसरणार नाही.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ
आज हार्डनर सढळ हाताने. मिश्रण मगातच तापलं, धुमसलं, प्लास्टिकचा मगच वितळला. सोसायटीच्या सेक्रेटरी सुहासिनीबाई धावत आल्या, काय जळतंय विचारत. मी सांगितलं, फराळाची तयारी. त्या बराच वेळ मगाकडे बघत राहिल्या.

१२ ऑक्टोबर
सँडिंग. जरा उत्साहात झालं. रेझिन गेलं, कापडाचे धागे वर आले. पॅच मारू, त्यात काय! अंगभर खाज. क्षमा बहिणीकडे गेली. हवापालट म्हणे. मुलुंडला!

१३ ऑक्टोबर
दिवसभर खाजवणं. दुसरं काही सुचत नाही.
गेल्या दिवाळीत इरावती म्हणाली होती, नोकरी सोडून सर्फिंग शिकवणार. मी म्हणालो, लाटा पगार देत नाहीत. तेव्हापासून तिचा फोन फक्त आईला येतो.
बोर्डाचा त्याच्याशी काही संबंध नाही. माणसाला छंद हवा.

१८ ऑक्टोबर
इरावती आली, येताना मुलुंडहून आईलाही घेऊन आली. बोर्ड बघितला. अंगठ्याने दाबला. पोकळ आवाज आला. मग कडेचं कापड चिमटीत धरून उचललं, तर तव्यावरून घावन सुटावं तसं अख्खं हातात आलं. म्हणाली, "बाबा, फोमवरची धूळ पुसली नव्हतीस ना? सगळं परत करायला लागेल." मी म्हटलं, पुसणारच होतो.
"पण करतोयस कोणासाठी?"
उत्तर कधीपासून तयार होतं. पण तोंडातून निघालं, "माझ्यासाठी."
क्षमाने कपाळाला हात लावला. पण इरावतीचा चेहरा असा उजळला! "तू सर्फिंग शिकणार? खरंच?" आणि तिने मला मिठी मारली. वर्षभरात पहिल्यांदा. आता माघार कशी घेणार?
मग तिने विचारलं, "पोहता येतं ना तुला?"

१९ ऑक्टोबर, सकाळ
तरणतलाव. माझ्या बॅचमध्ये बाकी सगळ्यांचे दुधाचे दात पडतायत. पाणी माझ्या छातीपर्यंत. तरी काठाचा दांडा सोडला नाही, सेफ्टी फर्स्ट. इरावती काठावर उभी राहून ओरडत होती, "पाय मार, बाबा! जोरात!"
मारले. खूप मारले. होतो तिथेच होतो.