शेवटचा डोस

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि तू कशानं गेलीस ते मला परवा कळलं. मी आता बेळगावात नर्स आहे. परवा डॉक्टरांनी नव्या कंपाउंडरला चांगलंच झापलं. शक्तीच्या औषधात कुचल्याचं सत्त्व असतं, ते अगदी बेतानं द्यायचं. त्याच बाटलीत दुसरा एक क्षार पडला, की चार दिवसांत ते विष तळाशी साकळतं. बाटली हलवली नाही तर सगळं शेवटच्या डोसात येतं. मग त्यानं माणूस कसा मरतो, ते डॉक्टर सांगायला लागले. ते तुझंच मरण होतं.

येळ्ळूरच्या घरी तुझ्या शक्तीच्या औषधाची बाटली दवाखान्यातून मीच आणली. बाटलीला आठ डोसांच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी डकवलेली. तिथला कंपाउंडर बजावतो, "दर खेपेला हालवून द्या, बरं का." घरी आले तर तू अंथरुणातून म्हणतेस, "आधी देवापुढं ठेव गं, हळदकुंकू लाव." आणि लगेच, "देवापुढचं हालवायचं न्हाय. धक्का लागला की गुण जातोय." मला हसू येतं, पण मी ऐकते. सात दिवस बाटली अलगद उचलून तुला वरचंवरचं पाजते. सातव्या दिवशी तू उठून चुलीपाशी बसलीस.

आठव्या दिवशी सकाळी आत्तीनं तुला पेज भरवली. आप्पांची ही विधवा बहीण आपल्यातच राहायची, तुझं सगळं तीच करायची. त्यावर मी तळाचा घोट दिला. "लई कडू हाय गं आज," तू म्हणालीस. थोड्या वेळानं तुझी पाठ कमानीसारखी वर उचलली गेली, डोकं आणि टाचा तेवढ्या वाकळेवर. ओठ कानांकडे ओढले गेले आणि तू हसतेयस असं दिसायला लागलं. डोळे मात्र पुरते शुद्धीत होते, माझ्याकडेच बघत होते. दाराची कडी वाजली तरी तुझं अंग पुन्हा ताणायचं. देवऋषी आला, त्यानं घंटा वाजवली, तशी तू त्याच्याकडे तोंड करून ताठ झालीस, तशीच हसत. तो उंबऱ्याबाहेर सरकला. "बाहेरचं हाय," म्हणाला. "आज हिला खायाला कुणी घातलं?"

सगळे आत्तीकडे बघायला लागले. मीसुद्धा.

दुपारीच तू गेलीस. ते हसू जाईना, म्हणून आप्पांनी तुझ्या तोंडावर पदर ओढला आणि आत्तीला त्याच पावली घराबाहेर काढलं. ती आता शेजारच्या मच्छे गावात कुणाच्या गोठ्याच्या पडवीत राहते. तिच्या हातचं पाणी कुणी पीत नाही, ती दिसली की बायका पोरांना पदराआड घेतात.

काल सांगायचं ठरवूनच मी तिच्याकडे गेले होते. ती लई थकलीय गं. म्हणाली, "तुलाबी वाटतंय व्हय, मीच खाल्लं तिला?"

"न्हाय, आत्ती."

"मग कशानं गेली?"

"देवाला ठावं," मी म्हणाले आणि उठले.

खरं कळलं तर गाव दवाखान्याचं औषध घ्यायचं सोडेल, असं मी वाटभर स्वतःला समजावलं. ते काही खरं कारण नाही. हे पत्र तुला पोचायचं नाही म्हणूनच लिहिते. आई, लोक माझ्या हातचं औषध डोळे मिटून घेतात, आणि मला ते सुख सोडवत नाही.