कोरडं भांडं

५ मार्च २०१९

सलिल यापुढे माझ्याबरोबर चढणार नाही. जिममधल्या चढायच्या वॉलखाली शूजच्या नाड्या सोडता सोडता सांगितलं, अगदी सहज. "तुझे हात सुटतात, मयूरा. इथे खाली गाद्या आहेत म्हणून ठीक आहे. अरापिलीसला मी तुझ्याबरोबर एका दोरावर नाही येणार."

अरापिलीस म्हणजे मेलबर्नपासून गाडीने चार तासांवरचे कडे. ईस्टरला आमच्या युनीचा क्लब तिकडे चढायला जातो, दोघादोघांच्या जोड्या करून. जागा मोजक्या, आणि जोडी नाही तर जायचं नाही, असा नियम आहे. पुण्यात असल्यापासून आमचं ठरलेलं होतं — आधी तो मेलबर्नला येणार, मग मी, आणि अरापिलीस दोघांनी. त्याच्या भरवशावर मी ही युनी निवडली! बाबांना सांगितलं, कोर्स चांगला आहे.

आता त्याचा पीआर झालाय, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, नोकरी लागलीय, शनिवारी जिममध्ये लहान मुलांना चढायला शिकवतो. आणि आता त्याला जेस मिळालीय. टूवूंबा गावची, इथलीच आहे, क्लबची सेक्रेटरी. हात कोरडे ठाक.

६ मार्च

हातांच्या घामाचं मी काय करू? मुद्दाम काढते का!

९ मार्च

चॉक आणायला गेले. चॉक म्हणजे फळ्यावरचा खडू नव्हे. मॅग्नेशियमची पांढरी पूड असते, घाम शोषून घेते. दुकानात त्याचीच एक अख्खी भिंत! पिशवीतलं, डब्यातलं, ट्यूबमधलं. काउंटरवरचा मुलगा ‘नो वरीज, टेक युअर टाइम’ म्हणून फोनमध्ये डोकं घालून बसला. मी एकेका उघड्या नमुन्यात बोट बुडवून बघत गेले. स्वस्तातलं बोटांवर गुळगुळीत लागतं, म्हणजे त्यात भलतंच काही मिसळलेलं. चांगलं चॉक चोळलं की किंचित चरचरतं. महागातल्यात घाम सुकवणारं औषध असतं. ते मी गेल्या सेमिस्टरला वापरून बघितलंय, बोटांची टोकं फाटून रक्त आलं होतं.

पुण्यात एकदा आमचं चॉक संपलं तेव्हा सलिलने कॅरमची पावडर आणली होती. दिसायला सारखीच की! पहिल्याच पकडीवरून मी खाली. पोट धरून हसलो होतो दोघं. तेव्हा नाही त्याला माझ्या हातांची भीती वाटली.

शेवटी साध्या विटा आणल्या, जिम्नॅस्ट वापरतात त्या. आत काहीही मिसळलेलं नाही. आता माझं चॉक मीच तयार करणार. बघतेच कसे सुटतात हात.

१६ मार्च

लताकाकूंच्या ओव्हनमधून आधी कढया, तवे आणि बिर्याणीचं पातेलं बाहेर काढलं, कारण ओव्हन म्हणजे त्यांचं कपाट. मग विटा आत. मंद आच, दार किंचित उघडं, म्हणजे आतला दमटपणा निघून जातो. मेलबर्नच्या टोकाला, टार्निटच्या या घरात मी काकूंची भाडेकरू, पण त्यांचा सूर मावशीचा. अगं, एवढी पांढरी पूड घरात, शेजारचे पोलिसांना बोलावतील, म्हणाल्या. मग स्वतःच मिक्सरचं एक जुनं भांडं काढून दिलं. हे तुझं, माझ्या बाकीच्या भांड्यांना हात लावायचा नाही.

पहिला घाणा वस्त्रगाळ केला. साफ चूक! नुसती धूळ उडते, हातावर राहत काही नाही. दुसऱ्यांदा मिक्सर थांबवत थांबवत फिरवला, भरड काढली, आणि चाळणीवर उरलेले बारके खडे परत त्यातच टाकले. ते मुठीत फुटत जातात आणि ताजं चॉक लागत राहतं. थोडं स्पिरिटमध्ये कालवून पातळ लेप केला. तो आधी हातांना लावायचा, पुरता वाळू द्यायचा, मग त्यावर भरड.

एक पथ्य मात्र कडक — पाणी कुठेही लागता कामा नये. भांडं, चमचा, डबा, सगळं कोरडं. जरा ओल राहिली की गोळे होतात आणि सगळी मेहनत फुकट जाते.

२१ मार्च

चढले! तो पिवळ्या पकडींचा रूट, जिथून मी दर वेळी गळायचे, तो आज वरपर्यंत. हात शेवटपर्यंत कोरडे. खाली दोर सिद्धार्थने धरला होता. माझ्या ट्यूटच्या वर्गातला आहे, क्लबच्या कमिटीवर पण आहे, मला जोडी नाही हे बघून स्वतःहून आला.

सलिल बाजूला उभा राहून बघत होता. उतरल्यावर माझा तळहात हातात घेतला, चोळून बघितला. मस्त झालंय म्हणाला. मला वाटलं, आता म्हणेल, चल, ईस्टरला आपण जाऊ. तर म्हणाला, थोडं मला देशील?

दिलं. मूर्ख मी.

२६ मार्च

तळपायाची आग मस्तकात गेलीय! क्लबमध्ये सगळे सलिलला विचारत होते, तुझं चॉक कुठलं. आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "घरी करतो. माझं स्वतःचं ब्लेंड आहे." मी तिथेच उभी, हातभर अंतरावर. जेसने तर आपली पिशवी भरून घेतली. काय बोलणार? सगळ्यांसमोर ‘ते माझं आहे’ म्हणून भांडायचं? एका पुडीसाठी?

नंतर पार्किंगमध्ये विचारलं. म्हणाला, अगं, तोंडातून गेलं, काय एवढा फरक पडतो.

फरक पडतो. ओव्हन मी पुसते. काकूंची बोलणी मी खाते. नाकातोंडात धूळ माझ्या जाते. या देशात आल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी दुसऱ्यांपेक्षा बरं जमलं होतं, तेही याने खिशात घातलं.

३१ मार्च, एकादशी

सलिल दुपारी, इथल्या भाषेत आर्वोला, घरी हजर. क्लबसाठी मोठा डबा भरून हवाय म्हणे. मी नाहीच म्हणणार होते. तर म्हणाला, जेसचं ईस्टरचं अजून पक्कं नाही, बघू. त्या एका ‘बघू’साठी मी रविवारी चॉक वाटायला बसले. लाज वाटते लिहायला.

त्यात जुनं भांडं नेमकं आजच गेलं, पातं फिरेना. काकूंनी सलिलला बसवून साबुदाण्याची खिचडी खायला घातली आणि आत जाऊन आडव्या झाल्या. ओट्यावर त्यांचं दाण्याच्या कुटाचं भांडं होतं. धुवायला घेतलं आणि थांबले. पात्याखाली पाणी अडकून राहतंच, ते वाळणार कधी? म्हणून कोरड्या फडक्याने घसाघसा पुसलं. कूट काय, कोरडाच की. चॉक वाटलं, भांडं परत पुसलं आणि काकू उठायच्या आत जागेवर ठेवलं. सलिल तिथेच ओट्याला टेकून फोन बघत होता.

डबा घेऊन गेला. जाताना थँक्यू म्हणाला. खिचडीबद्दल.

२ एप्रिल

आज पुन्हा सुटले. नव्या घाण्यातलंच चॉक होतं, सगळं नेहमीसारखं केलेलं, तरी बोटं गुळगुळीत. पहिल्या चार पकडींतच खाली. म्हणजे सलिलचं बरोबर होतं. चॉकबिक काही नाही, माझे हातच नालायक आहेत.

४ एप्रिल

जेसला अँब्युलन्समधून नेलं.

ती वॉलच्या मध्यावर होती. खाली उतरव म्हणाली, आवाज घोगरा झालेला. उतरेपर्यंत एक डोळा सुजून बंद, मानेवर लाल गांध्या, खोकला थांबेना. जेसला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे अख्ख्या क्लबला माहीत आहे. आमच्या बार्बेक्यूला शेंगदाणा आणायला बंदी असते. तिच्या बॅगेत इंजेक्शन असतं, ते सलिलने तिच्या मांडीत मारलं. ती पुन्हा पुन्हा एवढंच सांगत होती, की मी काहीही खाल्लेलं नाही.

घरी येताना ट्रेनमध्ये मी तिच्यासाठी देवाला हात जोडले. खरंच जोडले. आणि मग मनात आलं, आता ईस्टरला सलिलला जोडी नाही. किती घाण आहे मी.

५ एप्रिल

सकाळी काकू कूट करायला बसल्या. म्हणाल्या, या भांड्याच्या कडेला कसली गं ही पांढरी पूड?

खोलीत जाऊन कागदावर माझं चॉक पसरलं, अंगठ्याने दाबलं, झटकलं. कागदावर तेलाचा डाग! कूट कोरडा असतो म्हणे. तो धोक्याचा असतो असं पुण्यात आईने सांगितलं असतं तरी मला पटलं नसतं, कारण आमच्याकडे कूट भाजीत पडतो, खिचडीत पडतो, कोशिंबिरीत पडतो. तो कोणाला मारू शकतो हे डोक्यातच येत नाही. आणि पाण्याची भीती मला!

जेस ते चॉक लावलेल्या हाताने डोळे चोळते. सगळेच चोळतात.

माझा स्टुडंट व्हिसा आहे. कोणी तक्रार केली तर? युनीला कळलं तर? काकूंना मी तांदळाचं पीठ लागलं असेल म्हणाले.

७ एप्रिल

जेस बरी आहे, कालच घरी सोडलं. सिद्धार्थकडून सगळं कळलं. डॉक्टरांनी विचारल्यावर तिने चॉकची पिशवी दाखवली. आज कमिटीने सलिलला बोलावलं होतं. चॉक त्याचंच, हे त्यानेच सगळ्यांना सांगितलेलं! त्याला क्लबमधून काढलं. जिमनेही शनिवारचा मुलांचा क्लास काढून घेतला. ईस्टरची जागा गेली.

त्या दोघांच्या जोडीची जागा मला मिळाली. सिद्धार्थबरोबर.

मी काही बोलले नाही. माझं नाव कोणी घेतलंच नाही, मग मी का घेऊ? त्याला श्रेय हवं होतं ना? माझं ब्लेंड, माझं ब्लेंड. घे आता सगळं. जेव्हा सगळे वाहवा करत होते तेव्हा त्याला एकदाही वाटलं नाही, मयूराचं नाव घ्यावं. एवढा मोठा डबा मी भरून दिला तेव्हा त्याने थँक्यू कशाबद्दल म्हटलं ते मला चांगलं आठवतंय.

तरी जेवण जात नाहीये. काकू विचारतात, बरं नाही का.

१० एप्रिल

आईला फोनवर सांगितलं, अरापिलीसला जायला मिळतंय. तिला वाटलं ते देऊळ आहे.

१२ एप्रिल

सिद्धार्थ आज लायब्ररीत सहज बोलून गेला. कमिटीने सलिलला विचारलं होतं, चॉकमध्ये शेंगदाणा आला कुठून. त्याने सांगितलं, माझ्या घरच्या मिक्सरमध्ये वाटलं, आधी त्यात दाण्याची चटणी केली होती, धुवायचं राहिलं.

सलिल गॅरेजमागच्या खोलीत राहतो. त्याच्याकडे मिक्सर नाही.

फोन केला. म्हणाला, "त्या दिवशी मी ओट्यापाशीच होतो, मयूरा. मला पीआर आहे, तुला नाही. गप्प राहा आणि चढ."

मी बरं म्हणाले.